लॅटिनचा वर्ग आणि लेथ

अर्कान्सॉ राज्यातल्या लिटल रॉक शहरात १९२७ मध्ये गोऱ्या मुलांसाठी सेंट्रल हायस्कूल उभं राहिलं. खर्च १५ लाख डॉलर. दोन वर्षांनी कृष्णवर्णीय मुलांची शाळा बांधून झाली, ती सुमारे ४ लाखांत. तिचं ठरलेलं नाव होतं ‘निग्रो स्कूल ऑफ इंडस्ट्रियल आर्ट्स’. त्या नावातच मुलांचं भवितव्य ठरवून टाकलं होतं: यांनी कारागिरी शिकावी, पुस्तकी विद्येची यांना गरज नाही. शहरातल्या कृष्णवर्णीय समाजाला हे मान्य नव्हतं. आपल्या मुलांना गणित, साहित्य, विज्ञान असा पूर्ण अभ्यासक्रम मिळालाच पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला आणि तडीस नेला. शाळा उघडली ती कवी पॉल लॉरेन्स डन्बार यांच्या नावाने. तिथे शालेय विषयही होते आणि हातांचे धंदेही.

विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या अमेरिकन हायस्कूलकडे मागे वळून पाहताना मला ही लढाई सगळ्यांत महत्त्वाची वाटते. कारण त्या पालकांनी कारागिरीला कमी लेखलं नव्हतं. त्यांची तक्रार निवडीबद्दल होती. मूल काय शिकणार हे दुसऱ्याच कुणीतरी, मुलाचा रंग पाहून ठरवावं, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

व्यवसाय शिक्षणाला बळ मिळालं ते १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने. शेती, उद्योगधंदे आणि गृहविज्ञान शिकवण्यासाठी शाळांना केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला. शाळेत येणारी मुलंही बदलत होती. १९१० च्या सुमारास शंभरातले जेमतेम नऊ तरुण हायस्कूल पूर्ण करत; १९४० पर्यंत ते प्रमाण पन्नासच्या आसपास गेलं. मंदीत कामं नव्हती, बालमजुरीवर निर्बंध येत होते, आणि हायस्कूलचं प्रमाणपत्र कचेरीतल्या नोकरीला उपयोगी पडू लागलं होतं. एवढ्या सगळ्यांना काय शिकवायचं, हा खरा पेच होता. उत्तर निघालं ते ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ हायस्कूलचं: एकाच इमारतीत लॅटिन, त्रिकोणमिती, टायपिंग, शिवण आणि मोटारदुरुस्ती.

टायपिंगच्या वर्गात कळांवरची अक्षरं झाकलेली असत. मान वर, नजर भिंतीवरच्या तक्त्यावर, आणि मिनिटाला किती शब्द झाले त्यातून चुका वजा. पलीकडे ग्रेग पद्धतीचं शॉर्टहँड. या दोन वर्गांनी असंख्य मुलींना स्वतःच्या पायावर उभं केलं, हे विसरून चालणार नाही. लाकूडकामाचं ‘शॉप’ मात्र मुलांचं. तिथे आधी कागदावर मापांसह आराखडा काढायचा, मग फळीला रंधा मारायचा. कड सरळ झाली का हे पाहायला तिला गुण्या लावून फळी उजेडासमोर धरायची. मधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा रंधा. काटकोन म्हणजे काय हे इथे बोटांना कळायचं. तरी ही भूमिती गणिताच्या खात्यात कधी धरली गेली नाही, आणि मला हा त्या काळातला मोठा अन्याय वाटतो.

स्मिथ-ह्यूज कायद्यामागचे एक प्रमुख सूत्रधार चार्ल्स प्रॉसर यांनी १९४५ मध्ये एक हिशेब मांडला: २० टक्के मुलं कॉलेजसाठी, २० टक्के कुशल व्यवसायांसाठी, उरलेल्या ६० टक्क्यांना ‘जीवनाशी जुळवून घेण्याचं’ शिक्षण द्यावं. हेतू वाईट नसेलही, पण देशातल्या निम्म्याहून अधिक मुलांना ना विद्या, ना हुन्नर, असा त्याचा अर्थ होत होता. इतिहासकार आर्थर बेस्टर यांनी १९५३ मध्ये अशा शिक्षणावर कडाडून टीका केली. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि टीकेला धार आली. पुढच्याच वर्षी केंद्राने कायदा केला आणि गणित, विज्ञान, परकीय भाषा यांसाठी मोठा निधी आला. त्याच कायद्यात चाचण्या आणि समुपदेशकांसाठीही पैसा होता.

१९५९ मध्ये हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कॉनंट यांचा अहवाल आला. एका छपराखालची शाळा टिकवावी, पण हुशार १५ टक्के मुलांनी चार वर्षं गणित आणि चार वर्षं एकच परकीय भाषा शिकावी, असं त्यांचं म्हणणं. दर अडीचशे-तीनशे मुलांमागे एक समुपदेशकही त्यांनी सुचवला. चौदा वर्षांच्या मुलाचा रस्ता आता बऱ्याच अंशी या समुपदेशकाच्या टेबलावर ठरू लागला. चाचणीतले गुण, वडिलांचा धंदा, आडनाव, कातडीचा रंग, सगळ्याचा तिथे हिशेब होई.

रंगाचा हिशेब त्याआधी शिक्षकांच्याही वाट्याला आला होता. लिटल रॉकच्या डन्बारमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या स्यू कॉवन विल्यम्स यांनी १९४२ मध्ये, गोऱ्या शिक्षकांइतका पगार मिळावा म्हणून खटला भरला. नोकरी गेली. १९४५ मध्ये अपिलात त्या जिंकल्या, तरी शाळेत परतायला त्यांना १९५२ उजाडलं. शाळेचे दोन्ही अभ्यासक्रम अशा शिक्षकांनी पेलले होते.

मुलींना शॉपची आणि मुलांना स्वयंपाकघराची दारं उघडली ती १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानंतर. त्याआधी मार्च १९६८ मध्ये ईस्ट लॉस एंजेलिसमधली हजारो मेक्सिकन-अमेरिकन मुलं वर्गांतून उठून रस्त्यावर आली होती. आम्हाला सरसकट हातकामाच्या वर्गांत ढकलतात, कॉलेजचा विचारही करू देत नाहीत, हा त्यांचा संताप होता. मात्र त्यांच्या मागण्यांत शॉप बंद करा असं कुठेच नव्हतं. कॉलेजची तयारी करून घ्या, असं ते म्हणत होते, आणि त्याबरोबरच शॉपमधली जुनाट यंत्रं काढून आजच्या कारखान्यांत चालतात ती आणा, असंही.