कूलरचं पाणी नीट फिरतंय का?

एप्रिल लागला की नांदेड काय आणि लातूर काय, गटाच्या बैठकीत बचतीचा हिशोब उरकायच्या आधीच कूलरचा विषय निघतो. कुणी म्हणतं नुसती गरम हवा फेकतो. कुणी म्हणतं घागरीमागून घागरी पाणी पितो. आणि हात लावला की झिणझिण्या येतात, असं सांगणारीही एखादी असतेच. पहिल्या दोन तक्रारी पाण्याच्या वाटेच्या आहेत. तिसरी जिवावरची आहे, म्हणून आधी तीच.

लोखंडी पत्रा, पाणी आणि वीज एका पेटीत. कूलरसमोर झोपतं सगळं घर, पण टाकी भरतो आपण, तीही ओल्या हातानं, ओल्या फरशीवर उभं राहून. म्हणून एक नियम पक्का करा: पाणी भरताना नुसतं बटण बंद करायचं नाही, पिन बोर्डातून काढायची. वायरिंग उलटं असेल तर बटण बंद असूनही कूलरमध्ये करंट राहू शकतो. पिन तीन पायांचीच हवी, आणि तिसरा पाय म्हणजे अर्थिंगची तार, ती बोर्डाच्या मागेही जोडलेली असली पाहिजे. बऱ्याच घरांत बोर्डाला तीन भोकं असतात, आत तार मात्र दोनच. वायरमनला बोलावून हे एकदा बघून घ्या. जमलं तर करंट गळताच वीज तोडणारं ३० मिलीअँपिअरचं यंत्रही बसवून घ्या. झिणझिण्या आल्या तर ‘थोडंसंच आहे’ म्हणून चालवू नका. आणि कुणी चिकटलंच तर त्याला हात लावायचा नाही, आधी मेन स्विच पाडायचा. तो जवळ नसेल तर कोरड्या लाकडानं माणूस बाजूला करायचा.

आता पाण्याकडे वळू. माठातलं पाणी गार का होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. बाहेरून पाझरलेलं पाणी हवेत उडून जाताना उष्णता सोबत नेतं. कूलर म्हणजे हाच माठ, फक्त पंखा लावलेला. चाळीस अंशांच्या कोरड्या हवेत ताट्या चांगल्या भिजलेल्या असतील तर खोलीत येणारी हवा दहा अंशांहूनही जास्त उतरू शकते. पण ताटीवर हातभर पट्टा जरी कोरडा राहिला तरी पंखा बाहेरची झळ तिथूनच आत ओढतो. म्हणून कूलर गार हवा देत नसेल तर पंखा मोठा आणायच्या आधी ताट्या बघा.

पंप टाकीतलं पाणी नळीनं वर नेतो, तिथून ते तिन्ही बाजूंच्या पन्हाळीत जातं आणि पन्हाळीच्या भोकांतून गवतावर ठिबकतं. उरलेलं पाणी परत टाकीत पडतं. बिघाड होतो तो या तीन-चार जागीच. कूलरचा स्टँड एका बाजूला कललेला असेल तर पन्हाळीतलं पाणी तिकडेच धावतं आणि दुसरी ताटी कोरडी राहते. पायाखाली फरशीचा तुकडा सरकवला की काम होतं. भोकं क्षारानं बुजतात, ती खराट्याच्या काडीनं मोकळी करायची. पंप गाळात बसू देऊ नका, एखाद्या कौलाच्या तुकड्यावर ठेवा आणि त्याची जाळी दर आठवड्याला धुवा. पाणी पंपाच्या तोंडाखाली गेलं तर पंप कोरडा फिरून जळतो. गवत खाली बसून वर फट पडली असेल तर ते हातानं मोकळं करून सारखं पसरा. ठेंब खोलीत उडत असतील तर पाणी जास्त पडतंय, नळीचा प्रवाह थोडा आवळा. सुरू करताना आधी दहा मिनिटं फक्त पंप, मग पंखा.

आपल्याकडे बोअरचं पाणी जड. पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतात आणि रोज वाढत जातात. ताटी पांढरी, कडक झाली की हवाही अडते आणि पाणीही. त्यामुळे वरून नुसतं भरत राहू नका, आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करा. ते पाणी ओटा धुवायला, संडासात टाकायला वापरा, झाडांना नको. पंपाच्या आतला पांढरा थर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवला की सुटतो.

टाकी रिकामी करायचं दुसरं कारण डेंग्यूचा डास. कूलरचं साचलेलं पाणी त्याला फार आवडतं, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आरोग्य विभाग ‘कोरडा दिवस’ पाळा म्हणतो तो यासाठी. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या कडेला पत्र्याला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जगतात. कडा काथ्यानं घासल्या तरच उपयोग.

राहिला पाण्याचा प्रश्न. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे कुणी विसरलेलं नाही. घरातला मोठा कूलर कडक उन्हात तासाला आठ-दहा लिटर पाणी उडवतो, म्हणजे दुपारभरात दोन-तीन घागरी. टँकरची वाट बघणाऱ्या घराला हे परवडत नाही. आमचं म्हणणं असं, की पाणी मोजकं असेल तेव्हा कूलर बाळंतीण, तान्हं बाळ, म्हातारी माणसं आणि आजारी माणूस यांच्यासाठी, तोही भर दुपारी एक ते चार. कूलर सावलीच्या भिंतीला लावा. समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा. बंद खोलीत दमटपणा साठला की पाणी उडतच नाही आणि अंग चिकचिकतं. रात्री हवा उतरली की पंप मधूनमधून दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवला तरी भिजलेल्या ताट्या काम देतात. आणि पाणी कमी आहे हे घरात सगळ्यांना कळावं असं वाटत असेल, तर भरायची पाळी लावा. चार दिवस दुसऱ्यानं घागर उचलली की कूलर आपोआप वेळेवर बंद होतो.

मृगाचा पाऊस झाला, हवेत ओल आली, की कूलरचा गारवा संपतो. मग पंप बंद करून अर्धा तास नुसता पंखा चालवा, ताट्या वाळू द्या. टाकी घासून पुसून कोरडी करा आणि पंप काढून कपड्यात गुंडाळून ठेवा. गवत पुढच्या उन्हाळ्यात नवंच घ्यावं लागतं, आणि ते मार्चच्या आधी घेतलं तर स्वस्त पडतं.