रक्त तपासायला माणूस घरी येणार? ही तयारी ठेवा

शहरांत आता रक्ततपासणीसाठी प्रयोगशाळेत जावेच लागते असे नाही. फोन केला की सकाळी तंत्रज्ञ दारात हजर होतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना आणि ज्येष्ठांना ही मोठीच सोय आहे. मात्र अहवाल किती खरा येईल, हे बरेचसे घरच्या तयारीवर ठरते. चुकीच्या आकड्यावरून औषधाचा डोस बदलला, तर भोगावे लागते रुग्णालाच.

आदल्या रात्री : उपाशीपोटी साखरेसाठी किमान 8 तास काही खाऊ नये. चहा-बिस्किटही नको. साधे पाणी मात्र जरूर प्यावे. शीर सहज सापडते. मधुमेहाच्या गोळ्या आणि जेवणाआधीचे इन्सुलिन उपाशीपोटी घेतल्यास साखर एकदम उतरू शकते. ती नाश्त्याच्या वेळीच घ्यावीत. थायरॉइडची गोळी नमुना दिल्यानंतर घ्यावी. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तसे आधी कळवा. त्याने थायरॉइडचे आकडे फसवे येऊ शकतात. रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नका.

दारापर्यंतची वाट : साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातली साखर रक्तपेशी वापरत राहतात, ती ताशी 5 ते 7 टक्के घटू शकते. म्हणून साखरेसाठी फ्लोराइड असलेली, राखाडी टोपणाची नळी वापरतात. तरीही नमुना वेळेत पोहोचणे महत्त्वाचेच. टॉवरमध्ये राहत असाल तर विंग व फ्लॅट क्रमांक कळवून गेटवर आधीच नोंद करा. चाळीत किंवा जुन्या वाड्यात घरचे कोणीतरी नाक्यावर उभे राहावे, जिन्यातला दिवा लावावा. बंगल्यात कुत्रा बांधून ठेवावा.

घरात : भरपूर उजेडाची जागा आणि हात टेकता येईल अशी खुर्ची हवी. एका खोलीचे घर असले तरी खिडकीजवळचा कोपरा पुरतो. रक्त पाहून चक्कर येत असेल तर आडवे व्हावे. मूठ सतत उघडझाप करू नये. त्याने पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते.

सुई नवी, आपल्यासमोर उघडलेली हवी. नळीवर नाव, वय आणि वेळ आपल्यासमोरच लिहून घ्या. सासू-सुनेचे रक्त एकाच वेळी घेतले जाते, तिथे आडनावावरून अदलाबदल होऊ शकते. वापरलेली सुई घरच्या कचऱ्यात टाकू देऊ नका. ती न भोसकणाऱ्या डब्यात तंत्रज्ञानेच परत न्यायची असते.

नंतर हात सरळ ठेवून कापूस 2-3 मिनिटे दाबून धरा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर आणखी थोडा वेळ.

आणि छातीत दुखणे, धाप लागणे किंवा शुद्ध हरपणे असे काही असेल, तर घरी येणाऱ्या माणसाची वाट पाहू नये. थेट रुग्णालय गाठावे.