बचत आधी, खर्च नंतर

पैसा मिळविणे हे कौशल्य खरे; पण मिळालेला पैसा राखणे हे त्याहून कठीण. तुटपुंज्या मिळकतीत मुलांची शिक्षणे पार पाडणारी कुटुंबे असतात, तशीच भरपूर मिळकत असूनही महिनाअखेरीस उसनवारी करणारीही असतात. घरात अचानक दुखणे आले की हा फरक उघड होतो. एका घरी शिल्लक कामी येते. दुसऱ्या घरी दागिने गहाण पडतात.

बहुतेक ठिकाणी खर्च भागवून उरेल ते साठविण्याची रीत असते, आणि उरत काहीच नाही. हा क्रम उलटा हवा. मिळकत हाती येताच ठरावीक रक्कम बाजूला काढावी आणि उरलेल्यात संसार बसवावा. रक्कम लहान असली तरी चालते. टपाल खात्यातील पाच वर्षांची आवर्ती ठेव दरमहा १०० रुपयांपासून सुरू करता येते.

चक्रवाढ व्याजाचे एक सोपे गणित आहे. ७२ या अंकास व्याजदराने भागले असता रक्कम दुप्पट होण्यास लागणारी वर्षे ढोबळमानाने कळतात. शेकडा ६ दराने ठेव दुप्पट होण्यास १२ वर्षे लागतात. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर दरमहा ३ टक्के आकारणी असेल, तर तेच कर्ज दोनच वर्षांत दुप्पट होते. म्हणूनच महागडे कर्ज फेडणे ही पहिली बचत होय.

घरातील लहान गोष्टीही मोलाच्या असतात. उन्हाळ्यात धान्याला ऊन दाखवून वर्षाची बेगमी करावी. बाजारात जाताना यादी जवळ ठेवावी. जुना पंखा बदलण्याची वेळ आली, तर सुमारे ७५ वॅटच्या जागी ३० वॅटचा घ्यावा. रोज दहा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे वर्षाला सुमारे १६४ युनिट वीज वाचते.

मात्र काटकसर म्हणजे कृपणता नव्हे. औषधोपचार, शिक्षण आणि दान यांत हात आखडल्यास बचतीचा हेतूच हरपतो. श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी परिग्रह-परिमाण हे व्रत संग्रहाची मर्यादा स्वतःहून ठरविण्यास सांगते. ती मर्यादा बाजारात पाऊल टाकण्यापूर्वीच ठरलेली असावी. मग जे वाचते, ते घरच्या अडचणीला पुरते आणि दुसऱ्याच्याही उपयोगी पडते.