माणिकगड पहाडातील चराईचा हक्क व गावरानाची निगा

जिवती तालुक्यातील चराईच्या हक्कांचा विचार करताना वर्धा नदी ही एके काळी दोन राजवटींमधील सीमा होती, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. नदीच्या अलीकडे चांदा जिल्ह्यात मध्यप्रांताचा अंमल होता. पलीकडील राजुरा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. राजुरा १९५६ साली नांदेड जिल्ह्यास व १९५९ साली चांदा जिल्ह्यास जोडला गेला. त्यातूनच पुढे वेगळा झालेला जिवती तालुका माणिकगड पहाडावर, तेलंगणाच्या सीमेस लागून आहे. जिल्हा चंद्रपूर, परंतु जुने दप्तर हैदराबादचे, अशी येथील गावांची स्थिती आहे आणि आजच्या अडचणींचे मूळ बव्हंशी तीत आहे.

मध्यप्रांतात गावकऱ्यांच्या नित्य गरजा भागविण्याच्या हक्कास ‘निस्तार’ म्हणत. गुरांस चारा, चुलीस सरपण, घरास वासे, अवजारांस लाकूड एवढा त्याचा व्याप होता. मालगुजारी गावांतील असल्या वहिवाटी ‘वाजिब-उल-अर्ज’ या लेखात नोंदविल्या जात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट होऊन ३१ मार्च १९५१ पासून गावची पडीक जमीन व जंगल शासनाकडे आले. मालगुजार गेला, पण गुरे कोठे चरावीत याची नोंद निस्तारपत्रकात राहिली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १६१ व्या कलमातही निस्तारपत्रकाची तरतूद आहे. या नोंदीत मात्र एक उणीव राहिली. कोणी काय घ्यावे हे तीत सांगितले आहे. कुरण केव्हा बंद ठेवावे व ते कोणी ठेवावे, हा प्रश्न गावाच्या अधिकाराचा मानलेला नाही. शासन स्वामी, गाव उपभोक्ता, आणि राखणदार कोणीच नाही, असा प्रकार अनेक ठिकाणी झाला. शिवाय महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ म्हणून लिहिलेली पूर्व विदर्भातील जमीन, जिचा मुख्य उपयोग चराईचा होता, ती वनजमीनच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला.

नदीपलीकडे हा कागदही नव्हता. हैदराबाद संस्थानचा जमीन महसुलाचा कायदा १३१७ फसलीचा. त्याची परंपरा निराळी. राखीव वनांच्या सीमा आखताना गोंड व कोलाम वस्त्यांची शेती व चराई आक्रसली. चराईवरील कर हे आदिलाबादेतील गोंडांच्या गाऱ्हाण्यांपैकी एक होते. त्यांच्यातूनच कोमराम भीमाचा उठाव उभा राहिला व १९४० साली जोडेघाट येथे त्याचा अंत झाला. त्यानंतर फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी या मुलखातील गोंडांच्या स्थितीचा अभ्यास केला. पुढे दुष्काळाच्या काळात मराठवाड्यातून बंजारा व इतर कुटुंबे पहाडावर येऊन वसली. कोलामांच्या गुड्याची व बंजाऱ्यांच्या तांड्याची गुरे एकाच माळावर चरू लागली. कोणाचा हक्क किती, हे सांगणारा लेख मात्र कोणाजवळच नव्हता.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ही विषमता काही अंशी दूर केली. निस्तार, मग त्यास कोणतेही नाव असो, आणि संस्थानी प्रदेशातील तत्सम हक्कही, या कायद्यास मान्य आहेत. चराईचा त्यात स्वतंत्र उल्लेख आहे. पुराव्याच्या नियमांत जुनी चराऊ राने, देवराया, स्मशाने, तसेच वृद्धांचे लेखी उतरवून घेतलेले कथन यांना स्थान आहे. ज्या गावास निस्तारपत्रक नाही, त्यास याहून मोलाची तरतूद सापडणे कठीण. अनुसूचित जमातींबाहेरील वननिवासींवर मात्र १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या, वास्तव्याची अट आहे. तांड्यातील बहुतेकांना ती पुरी करता येणार नाही. शेताची वाटणी घराघरांनी होऊ शकते, माळाची होत नाही. यास्तव हक्क ज्याचा सिद्ध झाला त्याची गुरे आणि ज्याचा झाला नाही त्याची गुरे, दोहोंनाही लागू पडेल असा नियम ग्रामसभेस करावा लागेल. कायद्यातील खरी कसोटी येथेच आहे. सीमेवरील १४ गावांवर महाराष्ट्र व तेलंगण या दोहोंचा दावा राहिल्याने कोणत्या दप्तराचा आधार घ्यावा, हाही तेथे वेगळा पेच आहे.

त्याच कायद्याने सामूहिक वनाचे रक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापन हाही हक्क मानला आहे. निस्तारपत्रकातील उणीव त्याने भरून निघते. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. तेथे ग्रामसभा अभ्यास करून, सर्वसंमतीने निर्णय घेण्याची रीत आधीपासून पाळत होती; हक्क मागाहून आला.

माळाच्या निगेत गवताचे ज्ञान प्रथम लागते. पवन्या व मारवेल ही गुरांच्या आवडीची गवते सतत खुरटली गेली की मागे पडतात. त्यांची जागा कुसळी घेते, तिचे अणकुचीदार बी धरले की गुरे तिला तोंड लावीत नाहीत. त्याहून अधिक ऱ्हास झाला की तरोटा व घाणेरी माजते. बी पक्व होऊन गळेपर्यंत, म्हणजे पावसाळाभर व त्यानंतरही काही काळ, माळाचा एक भाग आळीपाळीने बंद ठेवणे हा यावरचा साधा उपाय होय. बंद भागातून गुरे वळविण्याचे काम गुराख्याचे. तो गुड्याचा असो वा तांड्याचा, दुसऱ्या वस्तीच्या गुरांसही मागे फिरविण्याचा अधिकार त्यास ग्रामसभेने उघडपणे दिलेला असला, तरच बंदी टिकते.