वीस अंशांचा वाद

पॅरिसमध्ये स्टेक मागवला की वेटरचा पुढचा प्रश्न ठरलेला: कितपत भाजायचा? ‘ब्ल्यू’ म्हणजे बाहेरून नुसता चटका, आत जवळपास कच्चा. ‘सेन्याँ’ लालभडक, ‘आ प्वाँ’ गुलाबी आणि ‘बियँ क्वी’ पुरता शिजलेला. अमेरिकेत हेच रेअर, मीडियम, वेलडन. यावरून जिवाभावाच्या मित्रांतही खडाजंगी होते आणि गंमत अशी, की हा सगळा वाद तुकड्याच्या गाभ्यातल्या जेमतेम वीस अंशांचा आहे. गाभा 50 अंश सेल्सिअसला असेल तर रेअर, 70 च्या वर गेला की वेलडन!

50 च्या आसपास मांसातलं मायोसिन हे प्रथिन घट्ट होऊ लागतं. लिबलिबीतपणा जातो, रस मात्र शाबूत असतो. साठी ओलांडली की तंतूंभोवतीचं कोलॅजेन आक्रसतं आणि आतलं पाणी बाहेर काढतं. तुकडा आखडतो, कोरडा पडतो.

ताटलीत उतरतो तो लाल रस रक्ताचा नसतो बरं का. रक्त जनावर कापतानाच निथळून जातं. ही लाली मायोग्लोबिनची. स्नायूंसाठी ऑक्सिजन धरून ठेवणारं हे प्रथिन, त्याच्या पोटात लोहाचा एक अणू. साठीच्या पुढे ते मोडू लागतं आणि लाल रंग करडा-तपकिरी होत जातो. जगात सर्वांत आधी ज्या प्रथिनाची त्रिमितीय रचना उलगडली, ते हेच. जॉन केंड्र्यू यांनी 1958 मध्ये ती मांडली, 1962 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांनी मायोग्लोबिन घेतलं होतं स्पर्म व्हेलच्या मांसातून. श्वास रोखून खोल बुडी मारणाऱ्या या प्राण्याच्या स्नायूंत ते इतकं ठासून भरलेलं असतं, की मांस काळपट दिसतं. म्हणजे स्टेक ‘मीडियम’ मागणारं गिऱ्हाईक नकळत एवढंच सांगत असतं, की तुकड्यातलं मायोग्लोबिन किती मोडायचं आणि किती ठेवायचं.

मग आपण मटण गळेपर्यंत का शिजवतो? कारण बोकडाच्या मांडीत, नळीत कोलॅजेन भरपूर. त्याचं जिलेटिन व्हायला वेळ द्यावाच लागतो. उलट स्टेकचा टेंडरलॉइन हा पाठीकडचा, फारसं काम न करणारा स्नायू. त्यात कोलॅजेन नावालाच, त्यामुळे जास्त शिजवून हाती काहीच लागत नाही. टेंडरलॉइनपुरता तरी माझा कौल गुलाबीवाल्यांना. बरगडीकडचा चरबीदार तुकडा, रिबआय, थोडा जास्त भाजला तरी चालून जातो.

आता धोक्याचं. अखंड तुकड्यात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि तव्याच्या चटक्यानं मरतात. खिमा करताना मात्र बाहेरचं सगळं आत मिसळतं. म्हणून अमेरिकेचा कृषी विभाग स्टेकसाठी 63 अंश आणि वर तीन मिनिटं विसावा सांगतो, खिम्यासाठी थेट 71. रेअर या हिशेबात बसत नाही, ती खाणाऱ्याची जोखीम. पण बर्गर गुलाबी मागायचा हट्ट कुणीच करू नये.