सड्यावर ‘नुसते उंदीर’?

कोल्हापूरजवळच्या उचगावात खाण नाही. पण शाहूवाडी, राधानगरी, चंदगडच्या सड्यांवरच्या, म्हणजे जांभ्याच्या कातळपठारांवरच्या, बॉक्साइटचा विषय निघाला की कोल्हापूर परिसरात एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘तिथं कातळाशिवाय आहे काय? फार तर उंदीर-घुशी.’

आधी ‘कातळाशिवाय काही नाही’ हे पाहू. उन्हाळ्यात जांभ्याचा सडा करपलेला दिसतो खरा, पण लहान सस्तन प्राण्यांची वस्ती असते ती त्याच्या भेगांत आणि सुट्या दगडांखालच्या सांदींत. शिवाय पावसाळी गवत, कडेची झुडपं, उतारावरचं जंगल, खालची भातखाचरं अशा प्रत्येक ठिकाणी राहणाऱ्या जाती वेगळ्या असू शकतात. सिंहगडाच्या माथ्यावर सापडलेल्या कोंडाणा उंदराचं शास्त्रीय वर्णन १९७५ साली झालं. आज तो आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त आहे. डोंगरमाथ्यावरचा उंदीर म्हणजे घरातलाच उंदीर, असं धरून चालत नाही.

‘नुसते उंदीर’ हेही खरं नाही. चिचुंद्री उंदरांच्या कुळातली नाही, ती किडे खाणारी. आणि वटवाघूळही सस्तनच. खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतल्या एका वटवाघळाचं वर्णन १९१३ साली झालं आणि पुढे कित्येक दशकं ही जात जगात फक्त त्याच गुहेतून माहीत होती. तिला रॉटन यांचं नाव आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं १९११ साली सुरू केलेल्या सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणामागचे हेच वनाधिकारी.

सगळ्यात घातक गैरसमज मात्र वेगळाच आहे : ‘खाणीच्या पर्यावरण अहवालात नोंद नाही, म्हणजे प्राणी नाही.’ शोधलं कसं, हे पाहिल्याशिवाय असं म्हणताच येत नाही. दिवसा फेरी मारून निशाचर उंदीर दिसत नाहीत आणि मोठ्या जनावरांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यातून ते बहुधा निसटतात. त्यांच्यासाठी संध्याकाळी ठरावीक अंतरावर पत्र्याचे जिवंत पकडणारे सापळे मांडावे लागतात, आत आमिष आणि थंडीत कापूस. ऊन चढायच्या आत सगळे तपासायचे, नाहीतर तापलेल्या पत्र्यात प्राणी दगावतो. सापडलेला उंदीर कापडी पिशवीत घेऊन वजन करायचं. डोकं-धड, शेपूट, मागचं पाऊल, कान मोजायचे. थोडे केस कातरून खूण करायची आणि पकडला तिथेच सोडायचा. दिसायला सारख्या जाती वेगळ्या काढायला ही मापं मदत करतात. चिचुंद्रीसाठी जमिनीत पुरलेले डबे लागतात, वटवाघळांसाठी जाळी आणि त्यांचे आपल्याला ऐकू न येणारे आवाज टिपणारं यंत्र. गव्हाणी घुबडानं ओकलेल्या गोळ्यांतल्या कवट्याही पुष्कळ सांगून जातात.

या कामाचं माप म्हणजे सापळा-रात्री. पन्नास सापळे चार रात्री लावले की २०० होतात. हा आकडा प्रत्येक अधिवासासाठी वेगळा दिलेला नसेल, तर ‘आढळले नाही’ या शब्दांना माझ्या लेखी काही वजन नाही. त्यात खाणींच्या पर्यावरण अभ्यासासाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या प्रमाणित अटींत एका हंगामाची, तीही पावसाळा वगळून, माहिती पुरते. सडा सर्वांत जिवंत असतो तो नेमका पावसाळ्यात!

‘उंदरांना कायदा नाही’ या समजुतीला मात्र इतिहास आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात उंदीर आणि फळं खाणारी वटवाघळं उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती. २०२२ च्या दुरुस्तीनं ती अनुसूचीच काढून टाकली. तरीही खाणीच्या अटींत खास संवर्धन आराखडा मागितला जातो तो पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी. बारापेडेचं वटवाघूळ त्या अनुसूचीत आहे. पण कोणी शोधलंच नाही, तर आराखड्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

खाणीनंतर झाडं लावली की सगळं पूर्ववत होतं, असंही सांगतात. झाडं लावून कातळातली भेग परत येत नाही.

२००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे जिथे जनसुनावणी लागते तिथे किमान ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहता येतो. त्यात सापळा-रात्रींचा आकडा, महिना आणि अधिवासांची यादी शोधा. सापडली नाही, तर सुनावणीत उभं राहून विचारा. शेवटी कामकाजाचा गोषवारा उपस्थितांना वाचून दाखवतात; त्यात आपला प्रश्न आलाय का ते सह्या होण्याआधी ऐकून घ्या.