मजकूर-चौकट, संगणकीय आरेखनातील

संगणकाच्या साहाय्याने तयार केलेल्या अभियांत्रिकीय अथवा वास्तुशास्त्रीय आरेखनात टीपा, विनिर्देश इ. मजकूर ज्या आयताकार मर्यादेत बसविला जातो, तिला मजकूर-चौकट म्हणतात. चौकटीची रुंदी भरली की पुढील शब्द आपोआप खालच्या ओळीत जातो. या क्रियेस ओळमोड म्हणतात. कारखान्यात किंवा बांधकामाच्या जागी आरेखनाबरहुकूम प्रत्यक्ष काम होते. त्यामुळे टीप मापरेषेवर पसरली किंवा संख्या व तिचे एकक दोन ओळींत विभागले गेले, तर वाचनात चूक होऊन काम बिघडण्याचा संभव असतो.

हाताने आरेखन करताना ओळीची लांबी आरेखक स्वतः ठरवीत असे. १९८२ मध्ये प्रसृत झालेल्या ऑटोकॅड या आज्ञावलीत आरंभी प्रत्येक ओळ ही स्वतंत्र वस्तू होती. एक शब्द वाढविला, तरी पुढील सर्व ओळी पुन्हा जुळवाव्या लागत. १९९४ च्या तेराव्या आवृत्तीत बहुओळी मजकुराची सोय झाली.

रुंदीचे नियंत्रण : बहुओळी मजकुरासाठी प्रथम चौकटीचे दोन समोरासमोरील कोपरे दर्शवितात किंवा रुंदीचा आकडा देतात. रुंदी शून्य दिल्यास ओळमोड होत नाही व परिच्छेद संपेपर्यंत मजकूर एकाच ओळीत राहतो. स्तंभरचना नसल्यास चौकटीची उंची मजकुरास अडवीत नाही. जादा ओळी चौकटीबाहेर जातात. त्या कोणत्या दिशेस जातील हे संलग्न बिंदूवर अवलंबून असते. असे नऊ बिंदू आहेत. वरचा बिंदू निवडल्यास मजकूर खाली, खालचा निवडल्यास वर आणि मधला निवडल्यास दोन्हीकडे वाढतो. चौकटीपेक्षा लांब असलेला अखंड शब्द मात्र मोडला न जाता बाहेर डोकावतो.

प्रमाणाशी संबंध : आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ३०९८ मध्ये अक्षरांच्या उंचीचे २·५, ३·५, ५, ७ मिमी. असे टप्पे दिले आहेत. वस्तू पूर्ण आकारात रेखाटून १ : १०० प्रमाणात छापावयाची असेल, तर कागदावरील २·५ मिमी. उंचीसाठी २५० मिमी. आणि ८० मिमी. रुंदीसाठी ८,००० मिमी. अशी मापे द्यावी लागतात. नंतर रुंदी तशीच ठेवून केवळ अक्षरांची उंची दुप्पट केली, तर ओळींची संख्या सुमारे दुप्पट होते आणि प्रत्येक ओळही दुप्पट उंच होते; परिणामी मजकूर सुमारे चौपट उंचीची जागा व्यापतो. म्हणून उंची व रुंदी एकाच वेळी बदलणे इष्ट असते.

फाँटचा परिणाम : अक्षरांची रुंदी फाँटनुसार बदलते. दुसऱ्या संगणकावर मूळ फाँट नसल्यास पर्यायी फाँट योजला जातो व ओळी निराळ्या ठिकाणी मोडतात. देवनागरी मजकुरात शिरोरेषेवर मात्रा व वेलांटी आणि अक्षरांखाली उकार येत असल्याने ओळींतील अंतरही रोमन लिपीपेक्षा अधिक ठेवणे हितावह ठरते.

योग्य पद्धती : ओळ संपविण्यासाठी प्रत्येक वेळी एंटर कळ दाबल्यास तो मोड कायमचा होतो आणि पुढे रुंदी बदलल्यावर ओळी अर्धवट तुटलेल्या दिसतात. यास्तव एंटर कळ परिच्छेदाच्या शेवटीच वापरावी व बाकीची ओळमोड रुंदीवर सोपवावी. संख्या व एकक यांमध्ये न तुटणारी मोकळी जागा घातल्यास ती एकाच ओळीत राहतात. बहुओळी मजकुराचे विघटन केल्यास प्रत्येक ओळ सुटी होऊन रुंदीची माहिती नष्ट होते. म्हणून विघटन शक्यतो टाळावे. छपाईपूर्वी प्रत्येक टीप तिच्या अंतिम फाँटमध्ये व प्रमाणात तपासणे आवश्यक असते.